मिस्साची भाषा

१९६४ सालच्या पावसाळ्यांत आम्हांला लॅटिन शिकविण्यांत आलें. आमचें वय तेव्हां अकरा वर्षांचें होतें. वसईच्या पश्चिम पट्टींतील आमच्या गांवीं त्या दिवसांत केळीच्या बागांतून घोटाघोटा पाणी सांचलेलें असे, आणि शाळा सुटल्यावर आम्ही सहा मुलें केळीचीं पानें डोक्यावर धरून चर्चच्या पडवींत जमत असूं. मिस्साच्या वेळीं वेदीपाशीं गुडघे टेकून धर्मगुरूंना जीं उत्तरें द्यावयाचीं, तीं तेथें एक वृद्ध मास्तर आमच्याकडून पाठ करून घेत. अर्थ सांगण्याची वहिवाट नव्हती. मास्तरांना तरी तो कितपत ठाऊक होता याची आम्हांला शंकाच आहे. उच्चार मात्र स्वच्छ हवा. तो घसरला कीं तळहातावर छडी बसे. पापकबुलीची जी लांबलचक प्रार्थना आहे, तींत तीन वेळां छातीवर मूठ मारावयाची असे. ती नेमकी कोणत्या शब्दाला मारावयाची हें आमच्यांतील एका मुलास शेवटपर्यंत साधलें नाहीं. पुढें बँकेंत हिशेबनीस होऊन निवृत्त झालेला तो गृहस्थ आजही वाटेंत भेटला, कीं आम्ही एकमेकांस छातीवर मूठ मारूनच नमस्कार करितों.

तीन महिन्यांच्या या तपश्चर्येनंतर ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं, आमची पहिली पाळी आली. एकही उत्तर चुकलें नाहीं. आमची आजी पुढेंच जमिनीवर बसली होती. घरीं आल्यावर तिनें आमच्या तोंडावरून हात फिरवून बोटें मोडलीं आणि शेजारणीला सांगितलें, कीं नातू आतां पाद्रीशीं पाद्रीच्या भाषेंत बोलतो.

वाचकांस हंसूं येईल. पण आम्ही ही भाषा शिकत होतों तेव्हां तिला निरोपाची चिठ्ठी मिळून नऊ महिने होत आले होते. पोप तेविसावे जॉन यांनीं १९६२ च्या ऑक्टोबरांत भरविलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेसंबंधींची घटना ४ डिसेंबर १९६३ रोजीं मंजूर केली. अनुकूल मतें २१४७ आणि प्रतिकूल अवघीं ४. लोकभाषेला उपासनेंत प्रवेश मिळाला तो या घटनेनें. ही वार्ता आमच्या मास्तरांपर्यंत पोंचली नव्हती, किंवा पोंचूनही त्यांनीं ती मनावर घेतली नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषद भरली आणि पोप सहावे पॉल यांचे पाय प्रथमच या देशास लागले. वडील आम्हांला गाडीनें घेऊन गेले होते. ओव्हल मैदानाच्या गर्दींत आम्हांला दूरवर एक पांढरा ठिपका दिसला. तेच पोप, असें वडील म्हणाले, आणि आम्हीं तें मान्य केलें.

मग बदल येऊं लागला. तो एकदम आला नाहीं, हप्त्याहप्त्यानें आला. प्रथम वाचनें आणि लोकांचीं उत्तरें मराठींत झालीं. वेदीवरची मुख्य प्रार्थना कांहीं वर्षें लॅटिनमध्येंच राहिली, आणि १९६७ नंतर तीही मराठींत आली. १९६९ च्या नोव्हेंबरअखेर तर मिस्साचा सगळा विधिग्रंथच नवा झाला. चौदाशें वर्षें नव्हे, तरी १५७० पासून जें पुस्तक जवळजवळ जसेंच्या तसें चालत आलें होतें, तें बाजूस ठेवण्यांत आलें. मधल्या काळांत एके रविवारीं सकाळीं आम्ही चर्चमध्यें शिरलों तों भिंतीला टेकलेली जुनी कोरीव वेदी मागें तशीच उभी, आणि तिच्यापुढें एक लांकडी मेज. त्या मेजावर पांढरें वस्त्र घातलेलें असलें तरी तें आमच्या शाळेंतील आहे हें आम्ही ताबडतोब ओळखलें. त्याच्या एका पायावर आमचीच करामत कोरलेली होती. त्या मेजामागें उभे राहून फादर आमच्याकडे तोंड करून प्रार्थना म्हणूं लागले. जन्मभर त्यांची पाठ पाहिलेल्या माणसांना त्यांचें तोंड पाहून संकोच वाटला. पुष्कळांनीं माना खालीं घातल्या.

आमच्या वडिलांना मात्र मोठा आनंद झाला. ते प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. प्रापंचिक माणसानें चर्चमध्यें वाचन करण्याची पाळी आली तेव्हां पहिल्यांदा त्यांनाच बोलावण्यांत आलें. ते घरीं ओटीवर उभे राहून आदल्या रात्रीं दोनदोन तास वाचीत. त्यांचें म्हणणें असें, कीं ही कांहीं नवी गोष्ट नव्हे, आपलें जुनें देणें परत मिळालें. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि त्यानें मराठी ओव्यांत रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. चर्चमधून तें लोकांसमोर वाचलें जात असे. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज राजप्रतिनिधीनें गोव्यांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज उचलण्यास लोकांना तीन वर्षांची मुदत दिली. तेव्हां गेलेली भाषा आतां वेदीपर्यंत आली, आणि ही तीनशें वर्षांची उधारी फिटली, असा वडिलांचा हिशेब होता. प्रॉटेस्टंट बंधूंकडे नारायण वामन टिळकांनीं हेंच काम भजन-कीर्तनांच्या द्वारें पन्नास वर्षें अगोदर केलें होतें, हें सांगतांना त्यांच्या स्वरांत थोडा मत्सरही येई.

घरांत जी अडचण होती ती आजीची.

आजीला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तांबडें लुगडें, हातांत जपमाळ, आणि पहाटेचा अंधार असतांनाच चर्चची वाट, असा तिचा चाळीस-पन्नास वर्षांचा क्रम होता. जुन्या मिस्सांत धर्मगुरु आपलें काम करीत आणि ती आपलें करी. ते लॅटिनमध्यें हळू आवाजांत प्रार्थना म्हणत, ती पांच दशकांचे मणी ओढी. मध्येंच घंटी वाजली, कीं दोघांची गांठ पडे, आणि पुन्हां आपापली वाट. नव्या पद्धतींत फादरांनीं समजावून सांगितलें, कीं मिस्सा चालू असतांना जपमाळ बाजूस ठेवावी आणि सर्वांबरोबर उत्तरें द्यावीं. सांगणें गोड होतें, योग्यही होतें. आजीनें माळ पदराखालीं घेतली. उत्तरें दिलीं नाहींत.

वडील तिच्यावर चिडले. मुलगा वर उभा राहून प्रेषितांचें पत्र वाचीत आहे आणि आई मान वर करून पाहत नाहीं, हें त्यांना फार लागलें. एका रविवारीं जेवतांना त्यांनीं विचारलें, कीं तुला कळेल अशा भाषेंत सगळें आलें, तर तुझी तक्रार ती काय? तेव्हां ती आपल्या कादोडी बोलींत जें म्हणाली त्याचा अर्थ असा: “पूर्वीं पाद्री देवाशीं बोलत होता, मी माझें बोलत होतें. आतां पाद्री आमच्याशींच बोलतो. मग देवाशीं बोलतो कोण?” वडील पानावरून उठले. पुढें आठ-दहा दिवस त्या दोघांत कामापुरतेंच बोलणें होतें, आणि आम्ही ज्या बाजूला उभे राहूं त्या बाजूला आम्हांला दुसऱ्या बाजूची माया वाटे.

तिची बोली आम्हीं मुद्दाम सांगितली. ‘लोकभाषा’ हा शब्द तिकडे रोमला उच्चारतांना एकसंध वाटला असेल. आमच्या गांवांत त्याचे चार तुकडे होते. घरांत कादोडी, शेजारच्या आळींत वाडवळी, किनाऱ्यावर कोळ्यांची निराळीच, आणि पुस्तकांतली मराठी ती शाळेची. विधिग्रंथाची मराठी या शाळेच्या मराठीच्याही वरच्या पायरीवर बसलेली. तींत संस्कृत शब्द दाट. तेव्हां वडिलांना जी आपली भाषा वाटत होती, ती आजीला मुलाच्या नोकरीची भाषा वाटत होती. आम्ही तिच्याजवळ बसून एकेक शब्द कादोडींत उलगडून सांगत असूं. ती ऐकून घेई आणि म्हणे, “मग असें सरळ कां नाहीं बोलत?” याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

१९७० च्या पावसाळ्यांत आजीचे धाकटे दीर वारले. त्यांना माती देतांनाच्या प्रार्थना आमच्या गांवांत प्रथमच मराठींत झाल्या. पाऊस कोसळत होता, फादरांच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरली होती, आणि त्या आवाजांतूनही शब्दन् शब्द ऐकूं येत होता. आजी खड्ड्याच्या अगदीं कांठाशीं उभी होती. घरीं आल्यावर ती बराच वेळ ओल्या लुगड्यानिशीं ओटीवर बसून राहिली, आणि दिवेलागणीला तिनें वडिलांना विचारलें, “तुझ्या बापाच्या वेळीं पण हेंच म्हटलें होतें का?”

आमचे आजोबा १९५१ सालीं, आमच्या जन्मापूर्वीं, वारले होते. त्यांच्या मातीच्या वेळीं जें काय म्हटलें गेलें तें लॅटिनमध्यें होतें, आणि त्यांतील एक अक्षरही तिला कळलें नव्हतें. एकोणीस वर्षें तें तिनें विचारलें नव्हतें. विचारावयाचें असतें हेंच तिला ठाऊक नव्हतें. वडील ‘हो’ म्हणून मोकळे होऊं शकले असते. पण ते शिक्षक होते. दुसऱ्या दिवशीं ते फादरांकडे गेले आणि जुना लॅटिन विधिग्रंथ आणि फादरांनीं कागदावर उतरून दिलेला अर्थ असें दोन्ही घेऊन आले. रात्रीं कंदिलापाशीं बसून त्यांनीं आईला सगळें वाचून दाखविलें, आधीं लॅटिन, मग मराठी, मग कादोडी. बरेंचसें तेंच होतें, कांहीं निराळें होतें. कोपाच्या दिवसाचें तें जुनें भयंकर स्तोत्र, ज्यांत सारें जग जळून राख होतें, तें नव्या विधींतून गळलें होतें. वडिलांनीं तेंही वगळलें नाहीं. आजी ऐकत होती. मग म्हणाली, “हें त्यांच्यावर म्हटलें? बरें झालें, तेव्हां मला कळलें नाहीं.” पुढें देवदूतांनीं मृताला स्वर्गीं घेऊन जावें अशा अर्थाचें एक वाक्य आलें. तें जुन्यांतही होतें आणि नव्यांतही. तें तिनें दोनदां वाचावयास लावलें. आमची आई चुलीपाशीं उभी राहून डोळे पुशीत होती. आजी रडली नाहीं. तिनें दिराचें नांव घेतलें, मग नवऱ्याचें नांव घेतलें, आणि निजावयास गेली.

त्यानंतरच्या रविवारीं ती उत्तरें देऊं लागली. सर्वांच्या एक पाऊल मागें, मोठ्यानें, आणि पुष्कळदां शेवटचा शब्द कादोडी करून. माळ मात्र तिनें सोडली नाहीं. ती पदराखालीं चालूच होती. फादरांना तें दिसत होतें. ते शहाणे होते.

याच सुमारास समईचें प्रकरण निघालें. १९६९ च्या एप्रिलांत भारतांतील धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून रोमनें बारा बाबींना मुभा दिली होती: मेणबत्तीऐवजीं तेलाचा दिवा, गुडघे टेकण्याऐवजीं हात जोडून वांकणें, जमिनीवर बसून उपासना, आरती इत्यादि. आमच्या चर्चमध्यें पितळेची समई आली तेव्हां सर्वांत मोठा विरोध कोणीं केला म्हणाल? आमच्या वडिलांनीं. भाषेच्या बाबतींत जे इतके सुधारक, ते समई पाहतांच म्हणाले, कीं हें देवळांतलें आहे. त्यांनीं फादरांना चार पानी पत्र लिहिलें. आजीला हें कळलें तेव्हां ती नुसती हंसली. मेणबत्त्या परवडत नव्हत्या तेव्हां आपण क्रुसापुढें तेलाचाच दिवा लावीत होतों, आणि त्याच उजेडांत हा मोठा झाला, एवढेंच ती म्हणाली. पत्र गेलें नाहीं. समई राहिली, आरती सणापुरती राहिली, जमिनीवर बसणें मात्र उलट गेलें, कारण दुबईहून पैसा आला आणि त्याबरोबर बांकें आलीं.

वसईच्या मातीला अदलाबदलीचा सराव जुना आहे. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली तेव्हां पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनीं आपापल्या दैवतांना वाहिल्या. त्यांतील एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आहे, एक भीमाशंकराला, एक वाईजवळ मेणवलीस. मेणवलीची घंटा आम्हीं एकदां घाटावर उभे राहून वाजविली. आवाज खणखणीत आला. पहारेकरी ओरडला, म्हणून दुसरा टोला देतां आला नाहीं.

आजी १९७८ मध्यें गेली. तिची माती मराठींत झाली. वडील तिच्यामागून पंधरा वर्षांनीं गेले. १९९८ मध्यें वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून स्वतंत्र झाला, तो दिवस त्यांनीं पाहिला असता तर आणखी एखादी उधारी फिटल्याचें त्यांनीं सांगितलें असतें. बागांच्या जागीं इमारती आल्या. विहिरींवरचे रहाट थांबले, पुष्कळ विहिरीच बुजल्या. २००९ मध्यें महानगरपालिका झाली. या इमारतींतून मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, मुंबईचे ख्रिस्ती लोक राहावयास आले, आणि आमच्या स्वतःच्या घरांतील मुलें इंग्रजी शाळांतून शिकूं लागलीं. आमची नातवंडें आमच्याशीं मराठी बोलतात; आपसांत भांडतात तें इंग्रजींत. माणूस भांडतो तीच त्याची भाषा, अशी आमची जुनी समजूत आहे, आणि ती या वयांत आमच्याच अंगावर आली आहे.

गेल्या वर्षीं चर्चच्या सल्लागार मंडळापुढें एक सूचना आली, कीं रविवारची सायंकाळची मिस्सा इंग्रजींत व्हावी. सकाळच्या दोन मराठींत आहेत त्या तशाच राहतील. आम्ही त्या मंडळांत सर्वांत वृद्ध. सायंकाळची मिस्सा म्हणजे आम्हां गुडघेदुखीवाल्यांची. सकाळच्या गर्दींत आमचा निभाव लागत नाहीं. आम्ही उठून उभे राहिलों आणि वडिलांचें सगळें भाषण केलें. स्टीफन्स झाला, १६८४ झालें, टिळक झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे, त्यांनीं अख्खें बायबल सुबोध मराठींत आणलें आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें, हेंही सांगून झालें. ज्या भाषेसाठीं एवढें झालें तिच्या तीन मिस्सांपैकीं एक आपल्या हातांनीं द्यावयाची काय, असें आम्हीं विचारलें. टाळ्याही पडल्या.

मग केरळकडची एक तरुण बाई उठली. ती दहा वर्षांपासून आमच्या गांवांत राहते. मराठी बेताचीच, पण धीटपणें बोलते. ती म्हणाली, “काका, माझीं मुलें मराठींतलीं सगळीं उत्तरें तोंडपाठ म्हणतात. एक चूक करीत नाहींत. अर्थ विचारला तर सांगतां येत नाहीं.”

आम्ही खालीं बसलों. तळहातावर छडी बसल्यासारखें झालें, हें अलंकारिक नव्हे. आमचा उजवा हात खरोखरच मिटला गेला. सहा मुलें, केळीचीं पानें आणि ती पडवी डोळ्यांपुढें आली. एकही उत्तर न चुकलेला तो मुलगा आम्हीच होतों. मतदान झालें तेव्हां आम्हीं हात वर केला नाहीं, ना इकडे ना तिकडे. सूचना पास झाली. त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. राग आला होता तो त्या बाईचा नव्हे. आमचीं नातवंडेंही त्याच सायंकाळच्या मिस्सांत बसणार हें आम्हांला ठाऊक होतें, आणि त्यांच्या प्रार्थनेंत आमच्या भाषेचा शब्द उरणार नाहीं हेंही. आजीच्या वेळीं निदान घरची बोली आणि चर्चची भाषा यांच्यामध्यें एक उंबरठा होता. येथें समुद्र आहे. या नुकसानीवर त्या बाईच्या म्हणण्यानें पांघरूण पडत नाहीं, आणि तिचें म्हणणेंही खोटें पडत नाहीं.

पहिल्या इंग्रजी मिस्साला जावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें होतें. पण वेदीपाशीं सेवेला धाकट्या नातवाची निवड झाली. त्यानें आठवडाभर आधीं येऊन सांगितलें, “आजोबा, तुम्ही पुढच्या बांकावर बसा.” तेव्हां जावें लागलें. त्याची आजी म्हणाली, कीं बाहेर वऱ्हांड्यांत उभे राहून तोंड फिरविण्यापेक्षां हें बरें.

चर्च भरलेलें होतें. इतकी तरुण माणसें त्या वेळच्या मिस्सांत आम्हीं कित्येक वर्षांत पाहिलीं नव्हतीं. नातू पांढरा झगा घालून उभा होता. त्यानें घंटी अगदीं वेळेवर वाजविली. इंग्रजी आम्हांला समजत नाहीं असें नाहीं. छत्तीस वर्षें कचेरींत तिच्यावरच पोट भरलें. पण उत्तराची वेळ आली कीं जीभ आपोआप मराठीकडे वळे, आणि ती वळेपर्यंत लोक पुढें गेलेले असत. शेजारीं त्या केरळी बाईची म्हातारी आई बसली होती. तीही एक पाऊल मागें होती, आणि पुटपुटत होती तें मल्याळम असावें. मुख्य प्रार्थना सुरू झाली तेव्हां आमचा हात खिशांत गेला. तेथें आजीची माळ असते.

घरीं परततांना नातू बराच वेळ गप्प चालला. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही मराठींत उत्तरें देत होतां. वरपर्यंत ऐकूं येत होतें.”

“चुकलें का?” आम्हीं विचारलें.

“चुकलें नाहीं. पण सगळे बघत होते.” आणि थोडें थांबून, “ती शेवटची प्रार्थना मराठींत कशी आहे? मला लिहून द्या.”

आम्हीं लिहून दिली. त्याला देवनागरी सफाईनें वाचतां येत नाहीं, म्हणून एकेक शब्द सुटा लिहिला आणि अर्थ खालीं दिला. पुढच्या रविवारीं आम्ही पुन्हां गेलों, पण मागच्या बांकावर, खांबाच्या आड, त्या म्हातारीच्या शेजारीं.